‘तुम्ही मराठी का?’ : अमेरिकेत विम्याच्या साखळीत गेलेले माझे १४ महिने

निळीछत्री

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका देशी दुकानात मी भेंडी निवडत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, “शेंडा मोडून बघा. कट्‌कन मोडला तर घ्या.” अस्सल मराठीत. ‘तुम्ही मराठी का?’ हे त्यांनी विचारेपर्यंत माझं माहेर कुठलं, नवरा काय करतो, माझं एच-४ चं ईएडी (नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला मिळणारी कामाची परवानगी) आलंय पण नोकरी मिळत नाही, हे सगळं मी सांगून मोकळी झाले होते. लग्न होऊन इथे आल्याला ८ महिने झाले होते आणि नवरा सोडला तर मराठी बोलायला कुणी नव्हतं.

त्यांना इथे काकू म्हणते. एजन्सीचं नाव मुद्दाम देत नाही, प्रतिसादांतही कुणी देऊ नका. अशा एजन्सी एकापेक्षा जास्त आहेत आणि पद्धत सगळ्यांची तीच.

काकूंचा दोन दिवसांनी फोन आला. मग एका रविवारी पुरणपोळ्या घेऊन घरी आल्या. तिसऱ्या खेपेला निघताना, चपला घालता घालता म्हणाल्या, “आमचा एक छोटा बिझनेस आहे, फायनान्शियल एज्युकेशनचा. तू हुशार आहेस, गुरुवारी ये बघायला.” मी विचारलं, विम्याचं आहे का? “छे गं. लोकांना पैसा समजावून सांगायचा.”

ते विम्याचंच होतं: पॉलिसी विकायच्या, आपल्या खाली नवे विकणारे जोडायचे आणि त्यांच्या विक्रीतला वाटा घ्यायचा. एका ऑफिस पार्कमधल्या हॉलमध्ये ४० खुर्च्या, पुढे पांढरा फळा, निम्मे लोक देशी. सूटमधल्या माणसाने ७२ चा नियम लिहिला: ७२ ला व्याजदराने भागा, तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट. नियम खरा आहे. बँकेच्या साध्या खात्यात व्याज जवळपास मिळतच नाही, तेही खरं. घरातला कमावता माणूस गेला तर काय, हा प्रश्नही खराच. पहिली वीस मिनिटं बोलणारा एकही चुकीचं वाक्य बोलत नाही, आणि तोवर आपली मान सारखी हो म्हणायला लागलेली असते. पुढचं सगळं त्याच हलत्या मानेने ऐकलं जातं.

सामील व्हायला शंभर-सव्वाशे डॉलर. मग लायसन्सच्या अभ्यासाचे, परीक्षेचे, बोटांच्या ठशांचे. मग ‘एरर्स अँड ओमिशन्स’ म्हणजे आपल्या हातून चूक झाली तर त्याचा विमा, त्याचे महिन्याला वेगळे. सॉफ्टवेअरचे वेगळे. वर्षातून एकदा मोठं अधिवेशन, त्याचं तिकीट, हॉटेल, विमान. कुठलीच रक्कम एवढी मोठी नसते की माणूस थांबून विचार करेल. नवऱ्याने मागाहून एक्सेलमध्ये बेरीज केली तेव्हा ४,००० डॉलरच्या वर गेली. काळा ब्लेझर त्यात धरलेला नाही.

पण मला पैशांपेक्षा यादीबद्दल लिहायचंय.

पहिल्याच आठवड्यात काकूंनी एक छापील कागद दिला. १ ते १०० आकडे आणि पुढे रिकाम्या रेघा. ओळखीच्या सगळ्यांची नावं लिही. “कोण घेईल, कोण नाही, ते तू ठरवू नकोस. फक्त लिही.” मी ६१ वर अडकले. मग काकू शेजारी बसल्या: नवऱ्याच्या ऑफिसातले, मंडळाच्या गणपतीत भेटलेले, पाळणाघरातल्या आया, भिशीतल्या दहाजणी, मावसभावाची सासुरवाडी. नावांपुढे खुणा करायच्या. लग्न झालंय? मूल आहे? घर घेतलंय? ३० च्या वर? चारही खुणा असलेले सगळ्यात आधी.

माझ्या लायसन्सपेक्षा ती यादी जास्त मोलाची होती, हे कळायला मला वर्ष लागलं. लायसन्स तर माझं व्हायच्या आधीच भेटी सुरू झाल्या. त्याला ‘फील्ड ट्रेनिंग’ म्हणतात: ओळख माझी, चहा माझ्या घरचा, बोलणार काकू, सही घेणार काकू. पहिल्या तीन पॉलिसींचं कमिशन ट्रेनिंगपोटी त्यांचं.

त्यातली पहिली पॉलिसी आमचीच. “स्वतः घेतली नाहीस तर दुसऱ्याला कुठल्या तोंडाने सांगशील?” महिना ४०० डॉलरची इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ (आययूएल), म्हणजे विमा आणि शेअर बाजाराच्या इंडेक्सशी (निर्देशांकाशी) जोडलेली बचत एकत्र. नवऱ्याला ऑफिसकडून विमा होता, ४०१के या ऑफिसच्या निवृत्ती खात्यात तो कंपनीचा पूर्ण मॅचसुद्धा (आपल्या भरण्याला जोडून कंपनी घालते ती रक्कम) घेत नव्हता. हे दोन्ही काकूंनी फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

लायसन्स आल्यावर मी स्वतः पाच पॉलिसी विकल्या. एकीचा हिशोब देते, भिशीतल्या मैत्रिणीच्या. हप्ता महिना ४००, वर्षाचे ४,८००. कमिशनची माझी पातळी ३५ टक्के, म्हणजे १,६८०. काकूंची ६५, म्हणून मधल्या ३० टक्क्यांचे १,४४० त्यांना, आणि त्यांच्या वरच्यांना आणखी. मला ९ महिन्यांचं कमिशन आगाऊ मिळालं, १,२६०. मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि तिने चार हप्त्यांनंतर पॉलिसी सोडली. चार महिन्यांचे माझे होतात ५६०. उरलेले ७०० कंपनीने माझ्याकडून परत घेतले. त्याला चार्जबॅक म्हणतात. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, करारात मात्र पहिल्यापासून होता. मैत्रिणीचे १,६०० डॉलर सरेंडर चार्जमध्ये, म्हणजे पॉलिसी लवकर सोडल्याच्या दंडात गेले, तिला परत शून्य.

ती भिशीला येत होती, बोलतही होती. मीच जायचं थांबवलं.

काकूंनी मला फसवलं असं मी लिहिणार नाही. त्यांनी ही पॉलिसी स्वतःच्या सख्ख्या भावाला विकली होती आणि त्या रात्री त्याचं भलं केलं म्हणून खूश होऊन मला फोन केला होता. खोटं बोलणारा माणूस ओळखता येतो. काकू खोटं बोलत नव्हत्या.

प्रश्न असतील तर विचारा.

टोणगा

भेंडीपासून सावध राहायला हवं हे आजच कळलं. आमच्याकडे कोस्टकोत “कुठेतरी पाहिलंय तुम्हाला” अशी सुरुवात करतात. मी एकदा म्हणालो, “हो, गेल्या आठवड्यात तुम्हीच मला इथेच पाहिलंत.”

मृद्गंध

धागा दोनदा वाचला. यादीचा भाग वाचताना पोटात खड्डा पडला, कारण अशाच कुणाच्या तरी यादीत मी होते. चारही खुणांसकट असेन. शाळेतली मैत्रीण १९ वर्षांनी फोन करते, मी दोन दिवस आनंदात, आणि व्हिडिओ कॉलवर तिच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसलेले. ‘माझे मेंटॉर.’

पॉलिसी घेतली मी. नको होती तरी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

गणिती

विमा कंपनीत गणिताच्या बाजूला काम करतो, विक्रीच्या नाही. आययूएल हे उत्पादन काय आहे ते थोडं लिहितो, कारण हॉलमध्ये ‘बाजार वर गेला तर तुम्ही वर, खाली गेला तर शून्य’ एवढंच सांगतात.

तुमचा पैसा शेअर बाजारात जात नाही. कंपनी तो मुख्यतः रोख्यांत ठेवते आणि त्या व्याजातून इंडेक्सवरचे ऑप्शन विकत घेते. बाजार चढला तर ऑप्शनमधून मिळतं, पडला तर ऑप्शन फुकट जातो आणि तुमच्या खात्यात त्या वर्षी ० टक्के जमा. ऑप्शनला मोजायचे पैसे मर्यादित असतात, म्हणून वरच्या बाजूला ‘कॅप’, म्हणजे जमा होणाऱ्या व्याजाला कमाल मर्यादा. तो दर वर्षी बदलायचा अधिकार कंपनीचा, पॉलिसीत छापलेल्या किमान कॅपपर्यंत. लाभांश तुम्हाला मिळत नाही.

१० टक्के कॅप धरा. एस अँड पी ५०० हा इंडेक्स २०२२ मध्ये साधारण १९ टक्के पडला आणि २०२३ मध्ये २४ टक्के चढला. दोन वर्षांनी इंडेक्समधले १०० जवळपास १००, आययूएलमधले ११०. विकणारे हीच दोन वर्षं फळ्यावर काढतात. आता तीन वर्षं मागे जा. २०१९ ला इंडेक्स सुमारे २९ टक्के वर, २०२० ला १६, २०२१ ला २७. आययूएलला तिन्ही वर्षी १०. पाच वर्षं एकत्र धरली तर इंडेक्समधले १०० झाले १९०, लाभांश न धरता. आययूएलमधले १४६, आणि तेही खर्च वजा न करता.

खर्च म्हणजे काय? प्रत्येक हप्त्यातून सुरुवातीलाच काही टक्के कापतात. दर महिन्याला प्रशासनाचा आकार. आणि ‘कॉस्ट ऑफ इन्शुरन्स’, म्हणजे खरा विम्याचा भाग, जो वयाबरोबर दर वर्षी वाढतो. ३२ व्या वर्षी तो दिसतही नाही. ६५ ला तोच पॉलिसी खायला लागतो. ‘शून्याच्या खाली जात नाही’ हे जमा होणाऱ्या व्याजाबद्दल आहे, खात्यातल्या रकमेबद्दल नाही. बाजार पडलेल्या वर्षीही हे खर्च जातातच.

टॅक्स-फ्री निवृत्ती हे दुसरं. पैसे काढायचे नाहीत, पॉलिसीवर कर्ज घ्यायचं, म्हणून कर नाही. बरोबर आहे, पण पॉलिसी जिवंत असेपर्यंतच. कर्ज डोक्यावर असताना ती कोलमडली तर आजवरचा सगळा नफा त्या एका वर्षाचं उत्पन्न धरला जातो. हातात पैसा नाही आणि कराचं बिल आलेलं, तेही सत्तरीत.

एजंटला ३०-४० वर्षांचा जो तक्ता छापून मिळतो, तो किती गुलाबी असावा यावर राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेला २०१५ मध्ये मर्यादा घालावी लागली. कंपन्यांनी तक्त्यातलं व्याज फुगवणाऱ्या बोनस आणि मल्टिप्लायरची वाट काढली, म्हणून २०२० मध्ये नियम पुन्हा आवळला, आणि २०२३ मध्ये आणखी एकदा. तीनदा वेसण घालावी लागली, यावरून बैल कसा आहे ते समजा.

उंचभरारी

मी ६ वर्षं याच क्षेत्रात आहे. एकतर्फी धागा होतोय म्हणून लिहितो. रिअल इस्टेटमध्ये एजंटच्या कमिशनमधून ब्रोकरेजचा वाटा जात नाही? आयटीत तुमच्या बिलिंगमधून कन्सल्टन्सी खात नाही? तिथे कुणी साखळी म्हणत नाही. आमच्याकडे लायसन्स आहे, राज्य सरकारची परीक्षा आहे, पॉलिसी नामांकित विमा कंपन्यांच्या आहेत. माझ्या एका क्लायंटच्या घरी डेथ क्लेम आला, चेक मी स्वतः नेऊन दिला. त्या बाईंच्या डोळ्यांत काय होतं ते इथे गणित मांडणाऱ्यांना दिसणार नाही.

धागाकर्तीने १४ महिन्यांत सोडलं. कुठल्याही धंद्याला १४ महिने पुरतात का?

निळीछत्री

दादा, क्लेमचा चेक नेऊन देणं ही मोठी गोष्ट आहे, त्यावर काहीच म्हणायचं नाही. पण तो चेक टर्म पॉलिसीनेही (ठरावीक वर्षांचा नुसता विमा, बचत नाही) आला असता ना? आम्ही आता नवऱ्याची १० लाख डॉलरची टर्म घेतलीय. त्या ४०० च्या सातव्या हिश्श्यातही बसते.

एक विचारते, मोकळेपणाने सांगा. गेल्या वर्षी तुमचं जे उत्पन्न झालं त्यातलं तुम्ही स्वतः विकलेल्या पॉलिसींचं किती आणि खालच्यांच्या विक्रीवरचं किती? आणि स्वतः विकलेल्यांत स्वतः एजंट झालेले किती?

वाटाड्या

रिअल इस्टेटची तुलना लंगडी आहे. घर विकणारा एजंट घर घ्यायला आलेल्याला ‘तुम्हीही एजंट व्हा’ म्हणत नाही.

‘हे कायदेशीर कसं?’ हा प्रश्न दर वेळी येतो म्हणून लिहितो. अमेरिकेत पिरॅमिड कशाला म्हणायचं याची कसोटी फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ च्या कॉस्कॉट प्रकरणात घालून दिली: पैसे भरून दोन हक्क मिळतात, माल विकायचा आणि नवी माणसं आणल्याबद्दल मोबदल्याचा, आणि तो मोबदला खऱ्या ग्राहकाला माल विकण्याशी बांधलेला नसतो. १९७९ मध्ये ॲमवे प्रकरणात कमिशनने ते पिरॅमिड नाही असा निकाल दिला, कारण त्यांच्याकडे किरकोळ विक्रीचे आणि माल परत घेण्याचे नियम होते. तेव्हापासून प्रत्येक साखळीवाला वकिलाला बसवून त्या चौकटीत करार लिहून घेतो. विमा एजन्सीत माणूस आणल्याबद्दल थेट पैसे देत नाहीत, पॉलिसी विकली गेली की वरच्या लायसन्सवाल्यांना ‘ओव्हरराइड’ जातो. कागदावर चोख.

त्यात विमा हा राज्यांचा विषय. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन राज्यांकडे ठेवलं आणि राज्याचा कायदा लागू असेल तिथे फेडरल ट्रेड कमिशनचे हात बांधले. राज्याचं विमा खातं लायसन्स बघतं, पॉलिसीचा मसुदा बघतं. तुमच्या भिशीत काय झालं ते बघायला कुणी नाही.

साताऱ्याचा_पेढा

माझे वडील ३१ वर्षं एलआयसीचे एजंट, कोरेगाव तालुक्यात. आधी सायकल, मग लूना. हप्ता चुकायला आला की ऊस बिल निघायची तारीख विचारून त्या दिवशी दारात हजर. त्यांच्या वर विकास अधिकारी होता, पण तो एलआयसीचा पगारी माणूस. वडिलांनी आयुष्यात कुणाला ‘तू एजंट हो’ म्हटलं नाही. उलट गावात दुसरा एजंट झाला तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत!

आता मुद्द्याचं. जे तिकडे चालतं ते इथे भारतात चालत नाही. १९३८ च्या विमा कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, कलम ४२अ पाहा. मल्टिलेव्हल मार्केटिंगच्या योजनेतून विमा घ्यायला लावायला बंदी, आणि नियामक पोलिसांत तक्रार करू शकतो. म्हणजे काकूंनी तेच गुरुवारचं व्याख्यान साताऱ्यात दिलं असतं तर पंचाईत होती.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. बँकेत एफडी करायला गेलेल्या म्हाताऱ्यांना पॉलिसी चिकटवतात, त्यावर वेगळा धागा होईल.

टोणगा

दुसरा एजंट झाला म्हणून जेवले नाहीत :)
खऱ्या आणि साखळीतल्या विक्रेत्यातला फरक एवढ्यात आला. ज्याचं पोट गिऱ्हाइकावर चालतं त्याला स्पर्धक नको असतो.

रविवारचा_चहा

मी स्वतः एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. ऑफिसातला एक सीनियर मागे लागलाय. तो म्हणतो लायसन्स बायकोच्या नावाने काढ (तिचं एच-४ ईएडी आहे), मीटिंगा तू घे, कागदावर ती. आणि ओव्हरराइड पॅसिव्ह इन्कम असतं म्हणून चालतं. कुणाला अनुभव?

वाटाड्या

चहा, इथे थांबा. एच-१बी वर फक्त ज्याने व्हिसा काढला त्या मालकाचं काम करता येतं. शेअर्सचा लाभांश, घराचं भाडं वेगळं. गिऱ्हाइकाला बसून पॉलिसी समजावणं, माणसं जोडणं हे काम आहे, पैसे कुणाच्याही खात्यात जावोत. कमिशन १०९९ वर (पगाराबाहेरच्या उत्पन्नाचा कराचा फॉर्म) येतं, त्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगाराचा कर लागतो, ते ‘पॅसिव्ह’ कुठून झालं? ग्रीन कार्डच्या अर्जात परवानगीशिवाय काम केलंय का, हे स्पष्ट विचारतात. तिथे खोटं लिहिणं हा आणखी वेगळा गुन्हा.

तुमच्या सीनियरचं यात काही जात नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, एका तासाची फी परवडते.

निळीछत्री

हे आमच्या हॉलमध्ये सर्रास होतं. नवरे लॅपटॉप घेऊन समजावत, सही बायकांची. मीही सुरुवातीला तसंच समजत होते की ईएडी आहे ना घरात, मग झालं.

आणि १०९९ चं गंमतीशीर प्रकरण म्हणजे वर्षाअखेर हातात काही नसतानाही कराचा हिशोब बसतोच. चार्जबॅक पुढच्या वर्षात गेला तर पहिल्या वर्षी पूर्ण रकमेवर कर भरून बसायचं. आमच्या सीएने, म्हणजे इथल्या सीपीएने, कपाळाला हात लावला.

उंचभरारी

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळणार होतो. दोन दिवस विचार केला.

गेल्या वर्षी स्वतःच्या विक्रीतून साधारण तिसरा हिस्सा. बाकी टीमचं. स्वतः विकलेल्या २२ पॉलिसींपैकी १३ एजंट झालेल्यांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या. त्यातले ४ जण अजून काम करतात.

तरीही मी हे वाईट म्हणणार नाही. मला इंग्रजीत चार माणसांसमोर उभं राहून बोलता येत नव्हतं, ते इथे आलं. पण आकडा लिहिताना मला स्वतःलाच तो चांगला वाटला नाही, हे कबूल.

गणिती, एक सांगा. पॉलिसी ‘मॅक्स फंडेड’ बसवली, म्हणजे विम्याची रक्कम कमीत कमी आणि हप्ता कायद्याच्या मर्यादेपर्यंत भरपूर, तर उत्पादन ठीक आहे की नाही?

गणिती

उत्तर दिलंत, त्याबद्दल आभार. असं कुणी लिहीत नाही.

मॅक्स फंडेड तुलनेने खूपच बरं. कर संहितेच्या ७७०२अ कलमाची मर्यादा ओलांडली तर पॉलिसी ‘एमईसी’ ठरते आणि कर्जावरची करसवलत जाते, म्हणून त्या रेषेच्या जरा खाली राहायचं. ज्याचं ४०१के भरून झालंय, रॉथ (निवृत्तीचं दुसरं खातं) भरून झालंय, तरी दरवर्षी मोठी रक्कम उरते आणि ती ३० वर्षं हलवायची नाही, अशा माणसाला विचार करता येईल. हॉलमधल्या ४० खुर्च्यांवर असे किती?

आणि मेख पुढे आहे. एजंटचं कमिशन ‘टार्गेट प्रीमियम’वर ठरतं, आणि टार्गेट ठरतं विम्याच्या रकमेवर. विम्याची रक्कम कमीत कमी ठेवली की टार्गेट लहान, त्यावरच्या हप्त्यावर कमिशन नगण्य. म्हणजे त्याच ४०० डॉलरमध्ये गिऱ्हाइकाला जितकी चांगली पॉलिसी बसवाल तितके तुमचे पैसे कमी. निळीछत्री यांच्या हिशोबात कमिशन पूर्ण ४,८०० वर लागलेलं दिसतंय. म्हणजे मैत्रिणीची पॉलिसी कमिशनच्या मापाने शिवली होती. हे त्यांनाही तेव्हा माहीत नसणार. तिथे शिकवत नाहीत.

निळीछत्री

नव्हतं माहीत. आत्ता वाचून कळलं.

सॉफ्टवेअरमध्ये हप्ता टाकला की विम्याची रक्कम आपोआप यायची. मी कधी बदलून पाहिली नाही. कुणी सांगितलंच नव्हतं की बदलता येते.

मृद्गंध

नाही कसं म्हणायचं यावर कुणी लिहा ना. अर्थशास्त्र समजलं, पण समोर पुरणपोळी घेऊन बसलेल्या बाईला काय सांगू?

टोणगा

पुरणपोळी खायची. सही करायची नाही.

साताऱ्याचा_पेढा

वडील सांगायचे, गिऱ्हाईक ‘बघू’ म्हणालं की ते आपलं झालं, ‘नको’ म्हणालं की चहा पिऊन उठायचं. आपण मराठी माणसं ‘बघू’ म्हणजे नाही असं धरून चालतो. विक्रीवाला ते ‘हो’ असं लिहून घेतो. तेव्हा ताई, ‘नको’ म्हणा. कारण देऊ नका. कारण दिलं की त्याचं उत्तर त्यांच्याकडे छापील असतं.

निळीछत्री

अगदी. ‘नवऱ्याला विचारते’, ‘सध्या पैसे नाहीत’, ‘आधीच आहे’, या तिन्हींवर आम्हाला पाठांतर होतं, आरशासमोर उभं राहून केलेलं. नुसत्या ‘नको’वर नव्हतं.

मृद्गंध, तुमची पॉलिसी अजून चालू आहे का? किती वर्षं झाली? बंद करण्याआधी कंपनीला थेट फोन करून ‘इन-फोर्स इलस्ट्रेशन’ (चालू पॉलिसीचा पुढच्या वर्षांचा तक्ता) मागा, किमान हमीच्या दराने काढलेलं. आणि आधी टर्म हातात येऊ द्या, मगच जुनी सोडा. मधल्या काळात उघडं राहू नका. आमची आम्ही सोडली, जे गेलं ते गेलं.

कऱ्हाडची_ताई

आजवर वाचनमात्र होते, पहिल्यांदाच लिहितेय. घाईत आहे. माझ्या वहिनीने (दादा-वहिनी इथेच अमेरिकेत माझ्याजवळ राहतात) गेल्या महिन्यात अशीच पॉलिसी घेतली, महिना ६५० डॉलर. एजंट तिची मावससासू. कालपासून हा धागा मी तिला वाचून दाखवतेय, तिचा चेहरा उतरलाय. आता काही करता येतं का?

गणिती

पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘फ्री लुक’ शोधा. राज्य आणि पॉलिसीप्रमाणे साधारण १० ते ३० दिवस असतात, पॉलिसी हातात पडल्यापासून मोजायचे. ईमेलवर आली असेल तर पोचल्याची ई-सही केली ती तारीख. त्या मुदतीत रद्द केली तर भरलेला हप्ता पूर्ण परत मिळतो.

कऱ्हाडची_ताई

सापडलं. २० दिवस लिहिलंय. ई-सही केल्याला आज १७ वा.

गणिती

मग आजच. पत्र विमा कंपनीला, एजंटला नाही. पॉलिसी क्रमांक, ‘फ्री लुकच्या मुदतीत रद्द करत आहे, पूर्ण हप्ता परत करावा’, तारीख, सही. दोन ओळी पुरतात. ईमेल किंवा फॅक्स करा आणि शिवाय सर्टिफाइड मेल. बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता थांबवा.

कऱ्हाडची_ताई

वहिनी म्हणते आधी मावशींना फोन करून सांगते, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.

निळीछत्री

पत्र आधी. पोस्टाची पावती हातात आली की मग फोन. आणि फोननंतर अर्ध्या तासात त्या घरी येतील, काहीतरी गोड घेऊन. आज संध्याकाळी वहिनीला एकटं ठेवू नका.

कऱ्हाडची_ताई

निघालोय. पोस्ट ऑफिस ५ ला बंद होतं.